उन्हावर तापलेले पाणी आणि धंद्याचा हिशेब

नागपूरच्या उन्हाची तक्रार सर्वच करतात. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दरवर्षी मे महिन्यात मोमीनपुरा, गांधीबाग, इतवारी या भागांत भर दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, ही तर व्यापाऱ्यांची कायमची ओरड आहे. परंतु याच उन्हाचा थोडासा भाग छतावर धरून ठेवता आला तर इंधनाच्या खर्चात चांगली कपात होऊ शकते, याकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. घरी अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर बसवणारे आता पुष्कळ आहेत. पण ज्यांच्या धंद्यातच रोज शेकडो लिटर गरम पाणी लागते, ते रंगारी, हॉटेलवाले, केटरर, लाँड्रीवाले, कोंबडीविक्रेते, सलूनवाले अजून लाकूड, कोळसा आणि गॅस यांवरच अवलंबून आहेत. म्हणून या लेखात आम्ही सौर बंबाची माहिती धंद्याच्या अंगाने देत आहोत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे जरुरीचे आहे. छतावर दिसणाऱ्या प्रत्येक चकचकीत वस्तूला लोक ‘सोलर’ म्हणतात. त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एक वीज तयार करणारे पॅनल आणि दुसरा पाणी तापवणारा बंब. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवलेले आहे. ते वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहे आणि तेही राहत्या घरासाठी. ‘या योजनेत पाण्याचा बंबही बसतो’ असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. बंबावर पूर्वी केंद्र सरकारचे अनुदान होते. २०१० पासून राष्ट्रीय सौर अभियानात ते साधारण ३० टक्क्यांपर्यंत मिळत असे. २०१४ मध्ये ते बंद झाले. तेव्हा आता बंब घ्यायचा तो स्वतःच्या हिशेबावर घ्यायचा, अनुदानाच्या आशेवर नव्हे.

हा हिशेब कसा करायचा ते आधी पाहू. त्याला फार शिक्षण लागत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, एवढे एकच सूत्र पक्के ध्यानात ठेवावे. नळाचे पाणी २५ अंशांचे आहे आणि आपल्याला ते ६० अंशांचे हवे आहे, असे धरा. फरक ३५ अंशांचा. १०० लिटरसाठी ३५ गुणिले १००, म्हणजे ३,५०० किलोकॅलरी लागतील. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे विजेवर हे काम करायला चार युनिटांहून थोडे अधिक लागतील. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात, पण शेगडीवर त्यातला निम्मा भाग पातेल्याच्या बाजूने निघून जातो. म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास गॅस गेला. लाकडाच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी धरतात. उघड्या भट्टीत त्यातला दहा ते पंधरा टक्के भागच पाण्याला लागतो, बाकी धुरावाटे आणि विटा तापवण्यात जातो. म्हणजे १०० लिटरला आठ किलो लाकूड. लाकूड स्वस्त पडते असे म्हणणाऱ्याने एकदा आपल्या भट्टीत जाणारे लाकूड खरोखर तोलून पाहावे.

आता उन्हाकडे वळू. नागपुरात जमिनीच्या एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच युनिटांच्या आसपास ऊर्जा पडते, म्हणजे सुमारे ४,३०० किलोकॅलरी. बंब त्यातला चाळीस ते पन्नास टक्के भाग पाण्यात उतरवतो. १०० लिटरला ३,५०० किलोकॅलरी हव्यात, तर दोन चौरस मीटरचे तावदान लागेल. कंपन्यांच्या पत्रकांत १०० लिटरमागे दोन चौरस मीटर हा आकडा येतो तो काही हवेतून आलेला नाही. आपण आत्ता काढला तोच हा हिशेब आहे.

विजेच्या गिझरबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. आपल्या शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर वीज तयार होते. कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, आणि त्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर पडतो. ती वीज तारांतून आपल्या घरी येते आणि आपण तिने पुन्हा पाणीच तापवतो. उष्णतेची वीज आणि विजेची परत उष्णता, या येरझाऱ्यात तीन पोती कोळशातील दोन पोती वाया जातात. त्याची किंमत बिलात आपणच भरतो. विजेची खरी गरज दिव्याला, मोटारीला आणि मागाला आहे. कोमट पाण्यासाठी ती वापरणे म्हणजे अत्तराने अंगण धुण्यासारखे आहे.

यंत्राची रचना साधी आहे. लोखंडी पत्र्याचे छत उन्हात तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. काळा रंग दिला तर ते अधिक तापते. वर काच बसवली तर आतली उष्णता वाऱ्याने निघून जात नाही. १७६७ मध्ये द सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने काचेची झाकणे असलेली पेटी उन्हात ठेवून तिच्यात पाणी उकळण्याइतकी उष्णता धरून दाखवली होती. १८९१ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प याने काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पहिला विक्रीचा बंब काढला. पण त्यात एक खोट होती. दिवसभर तापलेले पाणी रात्री तिथेच थंड होऊन जाई. १९०९ मध्ये विल्यम बेली याने तापवणारा भाग वेगळा केला, साठवणारी टाकी वेगळी केली आणि टाकीला जाड आवरण घातले. आज आपल्या छतावर येतो तो त्याच मांडणीचा बंब आहे. आपल्या राज्याचाही यात वाटा आहे. मुंबईत हायकोर्टात नोकरीला असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रजाने १८७० च्या दशकात सपाट आरशांची रांग लावून उन्हावर वाफ केली आणि त्या वाफेवर पाणी खेचणारे अडीच हॉर्सपॉवरचे इंजिन चालवून दाखवले. उष्ण देशांत लाकूड-कोळशाऐवजी ऊन वापरावे, असे सांगणारे त्याचे पुस्तक १८७८ मध्ये निघाले. त्याचे म्हणणे तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही.

बंबात पाणी फिरवायला पंप लागत नाही. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड म्हणून खाली येते, आणि हा फेरा ऊन असेपर्यंत आपोआप चालू राहतो. एक अट मात्र आहे. सपाट तावदानाच्या बंबात साठवणीच्या टाकीचा तळ तावदानाच्या वरच्या कडेपेक्षा साधारण एक फूट उंच असला पाहिजे, आणि पाइपाला मध्ये कुठेही उलटा उतार नसावा. पाइप मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर आला की तेथे हवा अडकते आणि फेरा थांबतो. बंब नवा असूनही पाणी तापत नसेल तर दहापैकी निम्म्या वेळा दोष येथे सापडतो.

बाजारात दोन जाती मिळतात. पहिली सपाट तावदानाची. तिच्यात काचेखाली तांब्याच्या नळ्या व काळा पत्रा असतो. दुसरी काचेच्या दुहेरी नळ्यांची. तिच्यात दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते, थर्मासच्या बाटलीसारखी. दुसरी स्वस्त पडते, थंडीत चांगले काम देते, आणि तिला १०० लिटरमागे दीड चौरस मीटर पुरते. पहिली महाग, पण टिकाऊ. काच फुटली तर बदलता येते आणि तांबे शेवटी मोडीतही किंमत देते. नागपुरात कोणती घ्यावी, याचे उत्तर पाण्यावर अवलंबून आहे. महापालिकेचे पेंच-कन्हानचे पाणी असेल तर कोणतीही चालेल. बोअरिंगचे पाणी असेल तर आधी घरातल्या चहाच्या केटलीचा तळ पाहा. पांढरा थर जमत असेल तर ते पाणी जड आहे. असे पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांत दोन-तीन वर्षांत क्षार बसवते आणि शेवटी त्या बंद पडतात. जड पाण्याला रुंद काचेच्या नळ्यांचा बंब बरा. नाहीतर सपाट तावदानात ज्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात ती जात घ्यावी. तिच्यात वापराचे पाणी तांब्याच्या नळ्यांत जातच नाही. आम्ही पाहिलेल्या नापसंत बंबांपैकी बहुतेकांची कहाणी बोअरिंगच्या पाण्याशी येऊन थांबते.

जागा आणि दिशा यांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण बसवणारे मिस्त्री याच बाबतीत घाई करतात. आपल्या भागात तावदानाचे तोंड दक्षिणेकडे हवे. दक्षिण कशी ओळखावी? मशिदीत टांगलेल्या नमाजांच्या दायमी वेळापत्रकात जवालची वेळ दिलेली असते. त्या वेळी सूर्य बरोबर माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो. छतावर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि जवालच्या वेळी तिच्या सावलीवर खडूने रेघ ओढा. सावली उत्तरेकडे जाते, तिच्या उलट बाजूला दक्षिण. दोन-चार मिनिटांचा फरक पडला तरी चालेल. घड्याळात बारा वाजता मात्र ही रेघ ओढू नये. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते आणि नागपूर ७९ च्या जरा पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे जवाल सरासरीने सव्वाबाराच्या सुमारास होते, फेब्रुवारीत तर साडेबाराच्या जवळ जाते. फक्त मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत हा प्रयोग करू नये. त्या दिवसांत सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते.

मशिदीच्या छतावरच बंब बसवायचा असेल तर काठीचीही गरज नाही. नागपूरहून किब्ला बरोबर पश्चिमेला नसून सुमारे आठ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणून किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला जी दिशा येते ती दक्षिणेपासून आठ अंशांनी पश्चिमेकडे असते. एवढ्या फरकाने बंबाच्या कामात काही उणे येत नाही. इमारतीच्या भिंतीला समांतर बसवून टाकावा.

तावदानाचा उतार किती ठेवावा? गरम पाण्याची गरज हिवाळ्यात जास्त आणि तेव्हा सूर्य खाली असतो. म्हणून अक्षांशात दहा-पंधरा अंश मिळवतात. नागपूर २१ अंशांवर आहे, तेव्हा ३१ ते ३६ अंशांचा उतार योग्य. फॅब्रिकेटरला अंशांच्या भाषेत सांगण्यापेक्षा असे सांगावे की आडवे दहा घेतले तर उभे साडेसहा घे. सावलीचेही पाहावे लागते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे कठड्याची सावली त्याच्या उंचीइतकी पडते. सकाळी नऊला तीच दुपटीहून थोडी जास्त होते. आपल्या जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना खेटून आहेत, शेजाऱ्याचा मजला कधी चढेल याचा भरवसा नाही. पैसे देण्यापूर्वी दक्षिणेकडचा प्लॉट कोणाचा आहे आणि त्याचा विचार काय आहे, याची चौकशी केलेली बरी.

आता धंद्यांकडे येऊ, आणि आधी रंगाऱ्यांकडे. मोमीनपुरा आणि कामठी येथील विणकरांचा धंदा पूर्वीइतका राहिला नाही, हे खरे. तरी सुताच्या लडी रंगवणारे अजून आहेत आणि त्यांचा इंधनाचा खर्च मजुरीच्या खालोखाल येतो. सुती लडीसाठी वापरले जाणारे कोल्ड ब्रँड रंग ३०-४० अंशांवर बसतात. हॉट ब्रँडला ६० ते ८० अंश लागतात. व्हॅट रंगांना ५०-६० च्या आसपास. डायरेक्ट रंग आणि शेवटचे साबणाचे पाणी मात्र उकळीच्या जवळ न्यावे लागते. यावरून दिसून येते की कित्येक कामे ६० अंशांच्या पाण्यातच उरकतात, त्यांना भट्टी पेटवण्याचे कारणच नाही. ज्यांना ९५ अंश लागतात त्यांचाही हिशेब करा. २५ पासून ९५ पर्यंत ७० अंशांची चढाई आहे. त्यातील ३५ अंश ऊन चढवून देते. भट्टीला उरलेली अर्धीच चढाई करायची, म्हणजे लाकूड अर्धे.

रोज ५०० लिटरचे काम असलेला रंगारी घेऊ. त्याला दररोज १७,५०० किलोकॅलरी उन्हातून मिळतील. पावसाळ्यातले ढगाळ दिवस वगळून वर्षाचे २८० दिवस धरू. गॅसवर काम करणाऱ्याची बचत दिवसाला तीन किलोच्या आसपास होते, म्हणजे वर्षाला १९ किलोच्या व्यापारी टाक्या ४० ते ४५. लाकडावर काम करणाऱ्याचे दिवसाला सुमारे ४० किलो, वर्षाला अकरा टन लाकूड. आपला आजचा भाव लावून ही रक्कम काढावी. तिच्याशेजारी ५०० लिटरच्या बंबाची बसवणुकीसह लेखी किंमत ठेवावी आणि किती वर्षांत पैसे फिटतात ते पाहावे. चांगला बंब पंधरा ते वीस वर्षे चालतो. सरकारी पत्रकांत १०० लिटरमागे वर्षाला १,५०० युनिटांपर्यंत वीज वाचते असे लिहितात. आम्ही हात राखून १,२०० च्या आसपासच धरले आहे. व्यापाऱ्याने विक्रेत्याच्या नव्हे, स्वतःच्या आकड्यांवर चालावे.

मात्र कामाची वेळ बदलावी लागेल, हे कोणी विक्रेता सांगत नाही. सकाळी सात-आठ वाजता टाकीत कालचे तापलेले पाणी भरलेले असते. चांगल्या आवरणाच्या टाकीत रात्रभरात ते पाच-सहा अंशांनीच उतरते. हे सर्व पाणी सकाळी वापरले तर दुपारी चारपर्यंत टाकी पुन्हा तापते. पण मधेच बाराला दुसरी खेप काढली तर ना धड गरम ना धड थंड असे पाणी मिळेल. म्हणून हॉट ब्रँडचे आणि साबणाचे काम सकाळी उरकावे, कोल्ड ब्रँडचे काम दुपारी घ्यावे. ज्याने ही घडी बसवली त्याला बंब पुरतो. ज्याला ती बसवायची नाही त्याने मोठी टाकी घ्यावी किंवा या भानगडीत पडू नये.

कोंबडीविक्रेत्यांचे काम तर जणू या यंत्रासाठीच आहे. पिसे सैल करायला ५० ते ६० अंशांचे पाणी पुरते. उकळते पाणी वापरले तर कातडी फाटते आणि माल खराब दिसतो. गॅसवरच्या ड्रमात हे तापमान सांभाळणे अवघड जाते, पोऱ्याचे लक्ष गेले की पाणी उकळू लागते. बंबाचे पाणी ड्रममध्ये सोडले की तापमान जवळपास नेमके येते. हॉटेल आणि केटरिंगवाल्यांचा मुख्य फायदा भांडी धुण्यात आहे. बिर्याणीच्या देगेला लागलेली चरबी थंड पाण्यात गोठते, ५५ अंशांच्या पाण्यात सुटते. साबण आणि माणूस दोन्ही कमी लागतात. स्वयंपाकाला हे पाणी वापरायचे असेल तर टाकी स्टेनलेस स्टीलची आहे ना, हे पाहून घ्यावे आणि ती वेळोवेळी धुवावी.

वाफेवर स्वयंपाक करण्याएवढी मोठी यंत्रेही आपल्या राज्यात आहेत. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये छतावर ७३ तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक सुरू झाला. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची एक प्रचंड तबकडी दुधाच्या प्रक्रियेसाठी उभारली गेली. ती यंत्रे सूर्याच्या मागे फिरतात आणि त्यांना देखभालीला माणूस लागतो. गल्लीतल्या कारखान्याला ती परवडणार नाहीत.

मशिदीच्या कमिट्यांकडून आम्हाला नेहमी विचारणा होते, म्हणून त्यांचाही हिशेब देतो. हिवाळ्यात वजूसाठी कोमट पाणी हवे असते आणि ते फजरला, जेव्हा ऊन नसते. नागपूरची थंडी साधारणपणे १०-१२ अंशांवर थांबते, पण २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. नळाचे पाणी १८ अंशांचे, वजूचे पाणी ३८ अंशांचे आणि टाकीतले पाणी रात्रभरानंतर ५५ अंशांचे धरू. शंभर नमाजी आणि प्रत्येकी तीन लिटर, म्हणजे ३०० लिटर कोमट पाणी. त्यात गरम पाण्याचा वाटा निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे १६०-१६५ लिटर. याचा अर्थ शंभर नमाज्यांना २०० लिटरचा बंब पुरतो. विक्रेते अशा ठिकाणी ५०० लिटरचा माथी मारतात. अट एवढीच की इशानंतर कोणी त्या टाकीवर अंघोळी करू नयेत. दुसरी गोष्ट पाइपाची. एक इंची पाइपाच्या प्रत्येक मीटरमध्ये अर्धा लिटर पाणी मावते. टाकीपासून वजूखाना वीस मीटर दूर असेल तर गरम पाणी येण्याआधी दहा लिटर थंड पाणी सोडून द्यावे लागेल. वजूच्या पाण्यातही इसराफ नको, ही ताकीद सर्वांना माहीत आहे. तेव्हा टाकी वजूखान्याच्या शक्य तेवढी वर बसवावी आणि गरम पाइपाला फोमचे आवरण घालावे. म्हाताऱ्यांचे हात पोळू नयेत म्हणून थंड-गरम मिसळणारा कॉक खालीच द्यावा. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी ७०-८० अंशांपर्यंत जाते, हे विसरू नये.

देखभाल फार नाही, पण जी आहे ती चुकवू नये. नागपूरच्या उन्हाळी धुळीने काच आठवड्याभरात मळते, ती पहाटे धुवावी. पहाटे म्हणण्याला कारण आहे. काचेच्या नळ्यांचा बंब पाण्याविना उन्हात तापला असेल आणि दुपारी त्यात थंड पाणी सोडले, तर नळ्या तडकतात. टाकी रिकामी झाली असेल तर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वीच भरावी. मे महिन्यात गरम पाण्याला कोणी विचारत नाही, तेव्हा तावदानावर ताडपत्री टाकावी. विदर्भातील फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि संक्रांतीच्या पतंगांमागे छतावर धावणारी पोरे, या दोहोंसाठी वरून जाळी लावलेली बरी. सुटी नळी बाजारात मिळते, तिची रबरी कडी बदलून ती पाऊण तासात बसते.

विकत घेताना पावतीवर टाकीचे लिटर आणि तावदानाचे चौरस मीटर, दोन्ही लिहून घ्यावेत. टाकी ३०० लिटरची आणि नळ्या २०० लिटरच्या, हा बाजारातला जुना खेळ आहे. वर सांगितलेल्या दोन व दीड चौरस मीटरच्या मापाने तो लगेच उघडा पडतो. सपाट तावदानावर भारतीय मानक १२९३३ ची खूण पाहावी. सौर बंबावरील जीएसटी २०२२ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पुन्हा ५ टक्के आहे. कोणी जुना दर लावत असेल तर हटकावे. आयकर भरणाऱ्यांना अशा उपकरणांवर पूर्वी ८० टक्के घसारा मिळे, १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आला, तरी साध्या यंत्रांपेक्षा तो बराच जास्त आहे. आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे. नागपूरची केंद्राच्या सौर शहर कार्यक्रमात आदर्श शहर म्हणून निवड झाली होती. तेव्हा त्या खात्याचे राज्यमंत्री विलास मुत्तेमवार हे नागपूरचेच खासदार होते. त्या काळात नागपूर, अमरावती, ठाणे या महापालिकांनी सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देऊ केली होती. आपल्या झोन कार्यालयात आजची स्थिती विचारावी आणि मिळाल्यास लेखी घ्यावी. महाऊर्जा या राज्याच्या संस्थेचे कार्यालय नागपुरातही आहे.

एकदम मोठी रक्कम गुंतवता येत नसेल आणि सूदी कर्ज टाळायचे असेल, तर ५०० लिटरऐवजी आधी २०० लिटरचा बंब घ्यावा. त्यातून वाचलेला गॅस वर्षभर वहीत मांडावा आणि त्या बचतीतून दुसरा जोडावा. बंब एकाला एक जोडून वाढवता येतात, फक्त पहिल्या वेळी पाइप व लोखंडी स्टँड त्या बेताने करून घ्यावा.

आपल्या समाजातील प्लंबर, वेल्डर आणि फॅब्रिकेटर यांच्यासाठीही यात रोजगार आहे. बंब विकणारे पुष्कळ आहेत, पण विकल्यानंतर फिरकणारे थोडे. शहरात हजारो बंब छतांवर आहेत. त्यातले कित्येक क्षार बसल्यामुळे किंवा एखादी नळी फुटल्यामुळे बंद पडून आहेत. सौम्य आम्लाने क्षार काढणे, नळ्या बदलणे, पाइपाला आवरण घालणे, स्टँडचा उतार दुरुस्त करणे ही कामे आपल्या कारागिरांच्या हातची आहेत. यासाठी दुकान लागत नाही, पाने-पक्कड, एक थर्मामीटर आणि मोटारसायकल पुरते. कामाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो, तेव्हाच लोकांना गरम पाण्याची आठवण होते. बंब घेणाऱ्यानेही डिसेंबरची वाट पाहू नये. तेव्हा मिस्त्री मिळत नाहीत आणि विक्रेते भाव सोडत नाहीत. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काम लावले तर नोव्हेंबरची थंडी पडेपर्यंत पाणी तापू लागलेले असते.